डुकराचे मांस, फळे आणि मंद आच : मेक्सिको, कोकण-गोवा आणि शेंद्रा यांच्या संदर्भात एक अन्न-ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एखाद्या समाजाचा इतिहास त्याच्या राजवाड्यांतून जसा वाचता येतो तसाच तो त्याच्या चुलीवरील भांड्यातूनही वाचता येतो. मराठी इतिहासलेखनात राजकीय घडामोडी, महसूल व्यवस्था, संतसाहित्य आणि समाजसुधारणा यांना मिळालेले स्थान अन्नाच्या इतिहासाला फार उशिरा मिळाले. वास्तविक अन्न हे जातीचे, धर्माचे, व्यापाराचे आणि सत्तेचे सर्वांत जुने साक्षीदार आहे. प्रस्तुत शोधनिबंधात अशाच एका पदार्थाचा विचार केला आहे. फळांच्या रसात, मिरची-मसाल्यासह, मंद आचेवर कित्येक तास शिजविलेले डुकराचे मांस हा तो पदार्थ होय. आज तो 'मेक्सिकन' या नावाने ओळखला जातो आणि विजेच्या स्लो कुकरमध्ये घरोघरी केला जातो.

या अभ्यासासाठी शेंद्रा हे स्थळ निवडण्यामागे कारण आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) ते जालना या मार्गावरील शेंद्रा परिसराला दोन ओळखी आहेत. शेंद्रा कमंगर येथील मांगीरबाबांची चैत्रातील यात्रा आणि तेथे नवसाच्या बोकडाची होणारी कंदुरी ही पहिली, जुनी ओळख. औद्योगिक वसाहत ही दुसरी. २००१ मध्ये येथे स्कोडा ऑटो कंपनीचा कारखाना सुरू झाला, आणि पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील 'ऑरिक' या नियोजित नगरीमुळे (२०१९ मध्ये तिच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन झाले) शेंद्र्याचे नाव देशाबाहेर पोहोचले. तीन दगडांची चूल आणि विजेवरचे भांडे, गावजेवण आणि बंद दाराआडचे दोघा-तिघांचे जेवण या दोन्ही गोष्टी येथे काही किलोमीटरच्या अंतरात नांदतात. अशा ठिकाणच्या एखाद्या स्वयंपाकघरात हा 'मेक्सिकन' पदार्थ शिजू लागला, तर त्यात परके नेमके काय, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना असे दिसून येते की त्यातील फळे परकी नाहीत, मिरची परकी राहिलेली नाही, मंद आच तर मुळीच परकी नाही. डुकराचे मांसही दख्खनला नवे नाही. परके आहे ते केवळ नाव. आणि नाव बदलताच त्या मांसाची सामाजिक प्रतिष्ठाही बदलते, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने गांभीर्याने पाहण्यासारखी आहे.

१. मेक्सिको : दोन स्वयंपाकघरांची गाठ

आज ज्याला मेक्सिकन पाकपरंपरा म्हटले जाते तिच्यातील डुकराचे मांस मूळचे मेक्सिकोचे नव्हे. युरोपीय लोक येण्यापूर्वी तेथे टर्की, हरीण, रानडुकरासारखा दिसणारा पेकारी हा प्राणी, मासे आणि खाण्यासाठी पाळलेली कुत्री हे मांसाचे प्रमुख स्रोत होते. पाळीव डुक्कर अमेरिकेत आले ते कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीबरोबर. कॅरिबियन बेटांवर त्याची झपाट्याने पैदास झाली. पुढे हर्नान कोर्तेस १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि १५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. सैन्यामागोमाग डुकरांचे कळप आले. त्यांच्याबरोबर चरबीत तळण्याची पद्धत, सिरका, लसूण, कांदा आणि जिरे हेही आले.

स्थानिक स्वयंपाकघराकडे मिरची, टोमॅटो, मका, वाल-घेवड्याच्या जाती, कोको आणि अनेक फळे होती. वाटणासाठी मेताते नावाचा दगड होता, जो आपल्या पाट्याचा भाऊबंद शोभावा असा आहे. नाहुआ भाषेत वाटणाच्या रश्श्याला 'मोल्ली' म्हणत आणि आजचा 'मोले' हा शब्द त्यापासूनच आला. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो द साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने नाहुआ लोकांच्या साहाय्याने जी माहिती संकलित केली तीत मिरचीच्या अनेक रश्श्यांची वर्णने आहेत. म्हणजे आंबट-तिखट रस्सा जुना होता. त्यात डुक्कर मात्र नंतर पडले.

या मिलाफातून जे पदार्थ घडले त्यांपैकी तिघांचा येथे निर्देश करणे पुरेसे आहे. युकातान प्रांतातील 'कोचिनिता पिबिल' या पदार्थात आचिओतेच्या लाल बिया आणि आंबट संत्र्याचा रस लावलेले डुकराचे मांस केळीच्या पानात गुंडाळून जमिनीतील भट्टीत तासन् तास ठेवतात. माया भाषेतील 'पिब' म्हणजे अशी भट्टी. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की आंबट संत्रे आणि केळ ही दोन्ही मूळची आशिया खंडातील असून ती स्पॅनिश लोकांमार्फत मेक्सिकोत पोहोचली. दुसरा पदार्थ 'मांचामांतेलेस', म्हणजे शब्दशः 'मेजावरील कापड डागाळणारा'. यात मिरचीच्या दाट रश्श्यात मांसाबरोबर अननस आणि केळी शिजवितात. तिसरा, पुएब्ला शहराचा 'चिलेस एन नोगादा'. मोठ्या मिरचीत मांसाचा खिमा आणि सफरचंद, पेअर, पीच यांचे सारण भरून वर अक्रोडाचा पांढरा रस्सा आणि डाळिंबाचे दाणे घालतात. हिरव्या-पांढऱ्या-लाल रंगांमुळे परंपरेने त्याचा संबंध १८२१ च्या स्वातंत्र्याशी जोडला जातो.

हा मिलाफ समतेचा मात्र नव्हता. गव्हाची पोळी विजेत्यांची आणि मक्याची भाकरी जितांची अशी उतरंड शतकानुशतके टिकली. १८९९ मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस या मेक्सिकन विचारवंताने मका खाणारे लोक गहू खाणाऱ्यांच्या तुलनेत मागासच राहणार, असा सिद्धान्त मांडला होता. २०१० मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाकपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा त्या परंपरेचा कणा म्हणून जो मका गौरविला गेला तो हाच होता. अन्नाची प्रतिष्ठा नैसर्गिक नसून ऐतिहासिक असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

२. दख्खन : राजाच्या पानातील वराहमांस

डुकराचे मांस महाराष्ट्राच्या भूमीत पोर्तुगीजांनी आणले, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात गुरे, शेळ्या-मेंढ्या यांच्या हाडांबरोबर डुकराचीही हाडे मिळाली आहेत.

लिखित पुराव्याच्या दृष्टीने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ अधिक महत्त्वाचा ठरतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११२९-३० मध्ये तो सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातील गाव. चालुक्यांच्या सत्तेत आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग होता. या ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन येते. त्यात वराहाच्या कातडीवरील केस काढणे, ते मांस भाजणे, त्याचे तुकडे करणे आणि आंबट पदार्थांच्या जोडीने ते सिद्ध करणे अशा कृती आहेत. म्हणजे बाराव्या शतकातील दख्खनच्या राजाच्या पानात डुकराचे मांस सन्मानाने वाढले जात होते, आणि मांसाला आंबटाची जोड देण्याचे तत्त्व येथील पाकशास्त्राला पूर्ण परिचित होते.

राजाच्या पानातून हे मांस गावकुसाबाहेर केव्हा आणि कसे गेले, याचा प्रवास एका कारणाने स्पष्ट होत नाही. जातिव्यवस्थेतील शुद्धाशुद्धतेच्या कल्पना, इस्लाममधील निषेध आणि गावातील सांडपाणी-घाणीशी जोडला गेलेला डुकराचा वावर या तिन्हींचा त्यात वाटा आहे. रानडुकराची शिकार सरंजामी वर्गात प्रतिष्ठेची राहिली. पाळीव डुक्कर मात्र वडार, कैकाडी यांसारख्या समाजांच्या उपजीविकेशी जोडले गेले. एकाच जातकुळीच्या प्राण्याचे मांस शिकाऱ्याच्या पानात पराक्रम आणि पाळणाऱ्याच्या पानात हीनत्व ठरले.

३. गोवा आणि वसई : आमसूल, सिरका आणि श्रद्धेची परीक्षा

मेक्सिकोत जे १५२१ नंतर घडले त्याचे जुळे रूप गोव्यात १५१० नंतर घडले. अफोंसो द अल्बुकर्कने गोवा जिंकल्यावर पोर्तुगीज स्वयंपाकघर कोकणी स्वयंपाकघराला भेटले. इबेरियन द्वीपकल्पात मांस टिकविण्यासाठी ते द्राक्षमद्य वा सिरका आणि लसूण यांत मुरवीत. त्याला 'व्हिन्या द आल्योस' म्हणत. गोव्यात द्राक्षांच्या सिरक्याची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या सिरक्याने घेतली, अमेरिकेतून आलेली मिरची त्यात पडली आणि 'विंदालू' तयार झाले. नावातील 'आलू' हा बटाटा नसून लसूण आहे, हे विसरल्यामुळे परदेशी उपाहारगृहांत विंदालूत बटाटे पडू लागले, ही अन्न-इतिहासातील एक गमतीची नोंद आहे. 'सोरपोतेल' हा काळीज, यकृत आदी भागांचा पदार्थही पोर्तुगालमधून आला. ब्राझीलमध्येही तो याच कुळनामाने ओळखला जातो.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने गोव्याचा सर्वांत जवळचा पदार्थ म्हणजे डुकराच्या मांसाचे 'सोलांतुले'. कोकमाची वाळविलेली साले, म्हणजे सोले वा आमसुले, घालून मंद विस्तवावर शिजविलेले हे मांस कोकणच्या फळाचा आणि इबेरियन मांसाचा संगम आहे. कोकमाने पोर्तुगीजांचे लक्ष फार लवकर वेधले. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वनस्पती व औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, आणि कोकम तेथे 'ब्रिंदाँव' या नावाने येते.

ओर्ताचे नाव येथे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. तो ज्यू वंशातील, धर्मांतरित कुटुंबात जन्मलेला होता. त्या काळच्या इबेरियात डुकराचे मांस टाळणे हा गुप्तपणे ज्यू वा इस्लाम धर्म पाळत असल्याचा संशय घेण्यास पुरेसा आधार मानला जाई. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण संस्था, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली. ओर्ता तिच्या तावडीत जिवंतपणी सापडला नाही; परंतु त्याची बहीण कातारिना हिला १५६९ मध्ये जाळण्यात आले आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताचे अवशेष थडग्यातून उकरून जाळण्यात आले. नवख्रिस्ती हिंदूंच्या स्वयंपाकघरावरही या संस्थेची नजर होती. १७३६ च्या जाहीरनाम्यात हिंदू रीतीप्रमाणे मिठाशिवाय भात शिजविण्यासही बंदी होती. ताटात काय आहे यावरून माणसाची निष्ठा ठरविण्याचा हा प्रकार होता. दख्खनमध्ये जे मांस खाल्ल्याने माणूस हीन ठरे तेच मांस न खाल्ल्याने इबेरियन सत्तेखाली तो संशयित ठरे. प्राणी तोच, सत्तेने त्याला दिलेला अर्थ तेवढा उलटा.

गोव्याप्रमाणेच मराठी भाषकांच्या दृष्टीने उत्तर कोकण महत्त्वाचे आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोन शतकांत तेथे जो मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज घडला त्याच्या खाद्यपरंपरेत विंदालू, ज्याला तेथे 'इंद्याल' म्हणतात, आणि सोरपोतेल हे सणासुदीचे पदार्थ झाले. मुंबई-साष्टी परिसरातील या समाजाने १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव संघटितपणे स्वीकारले. उन्हाळ्यात मसाले भाजून, कुटून, काळसर बाटल्यांत भरून ठेवण्याची त्यांची 'बाटली मसाल्या'ची परंपरा प्रसिद्ध आहे. सत्ता बदलली तरी पातेले बदलले नाही. त्यामुळे आंबट रसात शिजविलेले डुकराचे मांस ही मराठी भाषेच्या प्रदेशाबाहेरची गोष्ट आहे, असे म्हणता येत नाही. ती त्या भाषेच्या एका किनाऱ्यावर जवळजवळ पाच शतके शिजते आहे.

४. फळांचा उलटा प्रवास

मेक्सिको आणि दख्खन यांचा संबंध केवळ समांतर उदाहरणांचा नाही. फळांनी तो प्रत्यक्ष जोडला आहे. शेंद्र्याच्या आठवडी बाजारातील फळांची नावे पाहिली तरी हे ध्यानात येते. 'अननस' हा शब्द दक्षिण अमेरिकेतील तुपी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत मराठीत आला. 'पेरू' या नावात एका देशाचेच नाव दडले आहे, असे मानले जाते. 'चिकू' हा शब्द नाहुआ भाषेतील 'त्झिकोत्झापोत्ल' या नावाच्या स्पॅनिश रूपाचा अवशेष आहे. 'टोमॅटो' हा नाहुआ 'तोमात्ल'. सीताफळाला सीतामाईचे नाव मिळाले असले तरी त्याचे मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेत आहे. आणि ते दौलताबादच्या डोंगरउतारांवर, बालाघाटाच्या रांगांत असे रुजले की २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरचीने तर आपले मूळ नावही सोडले आणि मिऱ्यावरून मराठी नाव घेतले. अमेरिकेची फळे इकडे येत असताना आशियातील संत्रे-लिंबाची जात आणि केळ तिकडे गेली.

या यादीतील पपई विशेष अर्थपूर्ण आहे. तिचे मूळस्थान दक्षिण मेक्सिको व मध्य अमेरिका हे होय. मराठी घरांत जून बोकडाचे मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईची फोड वा कीस लावण्याची रीत सर्वपरिचित आहे. पपईतील पपेन हे विकर मांसातील प्रथिनांचे बंध तोडते. अननसातील ब्रोमेलेन हेच कार्य करते. म्हणजे मेक्सिकोचे फळ मांसाला लावून ते मऊ करण्याची कृती मराठवाड्याच्या चुलीपाशी केव्हाच येऊन बसली आहे. तिला कोणी 'मेक्सिकन' म्हटले नाही, इतकेच.

५. मंद आचेचा इतिहास

डुकराच्या खांद्याचे मांस कष्टाच्या स्नायूंचे, म्हणून चिवट आणि म्हणूनच तुलनेने स्वस्त असते. त्यातील कोलॅजन हे तंतुमय प्रथिन दीर्घकाळ ओलसर उष्णता मिळाल्यावर जिलेटिनमध्ये रूपांतरित होते आणि मांस काट्याने सुटे होण्याइतके मऊ पडते. हे रूपांतर वेळ मागते. ज्यांच्याकडे उत्तम भागाचे मांस विकत घेण्याची ऐपत नव्हती त्यांनी हा वेळ निखाऱ्यांकडून घेतला. मेक्सिकोची जमिनीतील भट्टी, गोव्याचे मातीचे भांडे, मराठवाड्यातील तीन दगडांची चूल ही सर्व एकाच गरजेची उत्तरे आहेत. औरंगाबाद शहराची ओळख झालेला नान-खलिया हा पदार्थही मोठ्या देगीत मंद आचेवर शिजणाऱ्या मांसाचाच. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलविली, तेव्हाच्या लष्करी भटारखान्याशी परंपरा त्याचा संबंध जोडते.

विजेच्या स्लो कुकरचा जन्म याच जुन्या गरजेतून झाला. इर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाला १९४० मध्ये अशा भांड्याचे पेटंट मिळाले. त्यामागची प्रेरणा होती 'चोलेंत' हा ज्यू पदार्थ. शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटविणे निषिद्ध असल्याने लिथुआनियातील ज्यू कुटुंबे आदल्या संध्याकाळी घेवडे व मांसाचे भांडे गावातील भटारखान्याच्या निवत्या भट्टीत ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी घरी आणीत. नॅक्सनने ही आठवण आपल्या आईकडून ऐकली होती. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय घेतला आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' या नावाने ते भांडे बाजारात आले. नोकरी करणाऱ्या स्त्रीला सकाळी भांडे लावून संध्याकाळी तयार जेवण मिळेल, हे त्याचे आकर्षण होते. ज्या समाजातील लोकांना डुकराचे मांस न खाण्यावरून जाळले गेले त्याच समाजाच्या आठवणीतून निघालेल्या भांड्यात आज जगभर डुकराचे मांस शिजते, हा इतिहासाचा विलक्षण योग आहे.

६. शेंद्र्यातील स्वयंपाकघर

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. शेंद्रा परिसरातील एखाद्या घरात हा पदार्थ करावयाचा झाल्यास सामग्री अशी लागेल : खांद्याचे सुमारे एक किलो मांस, भिजवून वाटलेल्या पाच-सहा लाल मिरच्या, आठ-दहा लसणीच्या पाकळ्या, जिरे, मीठ, एक कांदा, वाटीभर अननसाच्या फोडी आणि दोन मोसंब्यांचा रस. मोसंबी येथे मुद्दाम शोधावी लागत नाही. शेंद्रा जालन्याच्या वाटेवर आहे आणि जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मेक्सिकोतील आंबट संत्र्याच्या तुलनेत मोसंबीत आंबटपणा कमी असल्याने एका लिंबाचा रस किंवा चार आमसुले घातल्यास तोल साधतो, आणि त्या क्षणी युकातानची कृती नकळत गोव्याच्या सोलांतुल्याजवळ येते. कच्चा अननस मांसाला फार वेळ लावून ठेवल्यास पृष्ठभाग पिठूळ होतो. शिजताना उष्णतेने ते विकर निष्क्रिय होते, म्हणून फोडी शिजवितानाच घालणे इष्ट. झाकण लावून कमी आचेवर आठ तास ठेवल्यावर मांस सुटे होते. मक्याच्या तोर्तियाऐवजी ज्वारीच्या भाकरीबरोबर ते खाल्ले तर त्यात विसंगत असे काही नाही. दोन्ही गरिबांच्या धान्याच्या, हाताने थापलेल्या, तव्यावर भाजलेल्या भाकरीच होत.

डुकराच्या मांसाविषयीच्या भीतीचा येथे विचार करणे आवश्यक आहे. डुकरातील पट्टकृमीमुळे मेंदूचा गंभीर विकार होतो, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्या विकाराचे बीज मांसातून थेट येत नाही. ते कृमिबाधित माणसाच्या विष्ठेतील अंड्यांमधून दूषित पाणी, भाजी वा हातांवाटे येते. कच्चे राहिलेले मांस खाणाऱ्याला पट्टकृमी होतो. पूर्ण शिजलेल्या मांसातील कृमिकोष नष्ट होतात. स्लो कुकरमधील दीर्घ उष्णता त्यासाठी पुरेशी असते, मात्र मांस गोठलेल्या अवस्थेत भांड्यात घालू नये. याचा अर्थ असा की डुकराची 'घाण' ही बहुतांशी गटारे न बांधणाऱ्या, मैलापाण्याची व्यवस्था न करणाऱ्या नगररचनेची घाण आहे. तिचा कलंक मात्र प्राण्याला आणि त्याला पाळणाऱ्या माणसांना लागला.

हा कलंक अजून पुसला गेलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात आहार आणि अस्पृश्यता यांच्या संबंधाची ऐतिहासिक मीमांसा केली होती. अलीकडे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यपरंपरेची जी नोंद केली तिने एक मोठी उणीव भरून काढली. मराठी पाकपुस्तकांनी ज्या चुली कधी पाहिल्याच नव्हत्या त्या तेथे दिसतात. या पार्श्वभूमीवर पाहता, सदनिकेतील बंद झाकणाखाली शिजणारे 'मेक्सिकन पोर्क' आधुनिक आणि अभिरुचिसंपन्न मानले जावे, आणि वस्तीच्या कडेला डुकरे पाळून तेच मांस शिजविणारा माणूस मात्र नाक मुरडून पाहिला जावा, ही विसंगती दुर्लक्षिण्यासारखी नाही.

मांगीरबाबांच्या यात्रेतील कंदुरी येथे तुलनेसाठी उपयोगी पडते. तेथील मांस उघड्यावर शिजते, त्याचा वास लपविला जात नाही, आणि पाहुणे-सोयरे एकत्र बसून ते खातात. ते नवसाचे असल्याने त्याला सामाजिक मान्यता आहे. डुकराच्या मांसाला अशी सार्वजनिक पंगत या परिसरात नाही. भाड्याच्या घरात काय शिजते याची चौकशी जेथे होते तेथे विजेचे बंद भांडे हे केवळ सोयीचे साधन राहत नाही. ते गोपनीयतेचेही साधन बनते. चुलीचा धूर घराबाहेर जातो आणि सांगतो. स्लो कुकर सांगत नाही. शिवाय हे शहर अनेक धर्मांचे आहे. कोणाचा निषेध श्रद्धेचा आहे आणि कोणाची घृणा जातीची आहे, यांत फरक केला पाहिजे. श्रद्धेतून आलेला संयम आदरास पात्र आहे. माणसाला कमी लेखणारी घृणा नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) फळांसह मंद आचेवर शिजविलेले डुकराचे मांस हा 'मेक्सिकन' पदार्थ मुळात इबेरियन मांस, अमेरिकन मिरची आणि आशियातील संत्रे-केळी यांच्या संगमातून निर्माण झाला. याच काळात, याच कारणांनी गोवा व वसई येथे त्याची भावंडे जन्मली.

२) आंबटाच्या जोडीने वराहमांस शिजविण्याची रीत दख्खनमध्ये पोर्तुगीजांपूर्वी किमान साडेतीन शतके आधी राजाश्रयाने ज्ञात होती. तिचे पुढील अवमूल्यन हे पाकशास्त्रीय नसून सामाजिक आहे.

३) पपई, अननस, सीताफळ, चिकू, मिरची यांच्या रूपाने अमेरिका खंड मराठवाड्याच्या बाजारात आणि चुलीपाशी पूर्वीच आलेला आहे. त्यामुळे शेंद्र्यातील स्वयंपाकघरात या पदार्थाचे आगमन ही नवी घटना कमी आणि जुन्या ओळखीची उजळणी अधिक आहे.

४) एकच मांस सत्तेनुसार कधी राजभोग, कधी श्रद्धेची परीक्षा, कधी हीनत्वाची खूण आणि कधी आधुनिकतेचे चिन्ह ठरले. मेक्सिकोतील मक्याची प्रतिष्ठा शतकभरात पालटली. त्या न्यायाने अन्नावरून माणसांची प्रतवारी करणारी येथील उतरंडही मानवनिर्मित आहे आणि म्हणून बदलता येण्याजोगी आहे.

मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील चुलींची, यात्रांतील कंदुरींची, पशुपालक समाजांच्या स्मृतींची मौखिक नोंद पद्धतशीरपणे हाती घेणे त्यामुळे अगत्याचे ठरते. मेक्सिकोच्या पाकपरंपरेवर आज देशोदेशीच्या विद्यापीठांत अभ्यास होतो. शेंद्र्यापासून हाकेच्या अंतरावरील पालावर डुकराचे मांस कसे निवडले, कापले, मुरविले आणि शिजविले जाते, हे ज्यांना ठाऊक आहे ती पिढी वयोवृद्ध होत आहे. तिचे ज्ञान तिच्याच नावाने नोंदले गेले, तर पुढे कोणाला तो पदार्थ आदराने वाढण्यासाठी दूरच्या देशाचे नाव उसने घ्यावे लागणार नाही.